सहाशे चाळीस किलोबाइटांची वहिवाट

सहकारी बँकांच्या कचेऱ्यांत, साखर कारखान्यांच्या हिशेबखात्यांत आणि तालुक्याच्या गावच्या पतसंस्थांत, जाडजूड खतावण्यांच्या शेजारी पहिलेवहिले संगणक ज्या काळात येऊन बसू लागले, त्या काळात, म्हणजे १९९० नंतरच्या पाच-सहा वर्षांत, संगणकांच्या देखभालीचे वार्षिक करार घेणाऱ्या पुण्याच्या एका लहानशा पेढीत मी नोकरीस होतो. आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत यंत्र बिघडल्याच्या तक्रारी थोड्या, तर यंत्र धडधाकट असून 'मेमरी नाही' असे सांगते, या तक्रारी फार असत. गाळपाचा हंगाम ऐन भरात असताना एका कारखान्याच्या मुख्य लेखापालांनी मला समोर बसवून विचारले होते, "अहो, चार मेगाबाइटचा खर्च आम्ही संचालक मंडळाकडून मंजूर करून घेतला, बिलही चुकते केले. आणि हे तुमचे यंत्र म्हणते, प्रोग्राम मोठा, मेमरीत मावत नाही. मग आम्ही विकत घेतलेली मेमरी ठेवलीत कुठे?" त्यांच्या स्वरात अफरातफरीचा संशय होता, आणि तो अगदीच अस्थानी होता असे मला आजही म्हणवत नाही, कारण ज्या यंत्रात चाळीस लाखांहून अधिक बाइट शाबूत आहेत त्याने पाच-पंचवीस हजार बाइटांसाठी अडून बसावे, ही गोष्ट हिशेबाच्या माणसाला पटण्यासारखी नव्हती.

तिचे कारण त्या कारखान्यापासून फार दूर आणि दहा वर्षे मागे होते. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला तेव्हा त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. त्याला मेमरीचा पत्ता सांगण्यासाठी वीस तारा होत्या, आणि वीस तारांनी १०,४८,५७६ बाइटांपलीकडचा, म्हणजे एका मेगाबाइटपलीकडचा पत्ता उच्चारताच येत नसे. त्या मेगाबाइटपैकी वरचे ३८४ किलोबाइट पडद्यासाठी, रॉमसाठी आणि पुढेमागे येणाऱ्या कार्डांसाठी राखून ठेवण्यात आले आणि खालचे ६४० किलोबाइट प्रोग्रामांना मोकळे सोडण्यात आले. ज्या यंत्राचा सर्वांत स्वस्त नमुना १६ किलोबाइट मेमरीवर विकला जात होता, त्याच्या रचनाकारांना ६४० ही मर्यादा उदारच वाटली असली पाहिजे, आणि त्यांना दोष देण्याचे माझ्या मनात नाही. दोष असलाच तर पुढच्या संकोचाचा आहे. १९८४ च्या एटी यंत्रातील ८०२८६ सोळा मेगाबाइटपर्यंत पोहोचू शकत होता, त्यानंतरचा ८०३८६ त्याच्याही कितीतरी पुढे. परंतु डॉस ही यंत्राची कार्यप्रणाली आणि तिच्यावर बेतलेले हजारो प्रोग्राम जुन्याच रीतीने चालणारे असल्यामुळे हे नवे, समर्थ प्रोसेसर सुरू होताक्षणीच ८०८८ चे सोंग घेत, आणि चार मेगाबाइटपैकी तीन मेगाबाइट हद्दीबाहेर पडून राहत. लेखापालांची मेमरी तेथे होती. ती त्यांच्या मालकीची होती, पण त्यांच्या उपयोगाची नव्हती.

या मर्यादेत राहून सर्वांची सोय लावण्याचे जे काम, ते दोन लहानशा मजकुरी फायलींत होत असे. यंत्र सुरू झाले की डॉस प्रथम कॉन्फिग.सिस ही फाइल वाचून तीत नेमून दिलेले ड्रायव्हर चढवी. नंतर आज्ञा स्वीकारणारा कमांड.कॉम येई, आणि तो ऑटोएक्झेक.बॅट या दुसऱ्या फायलीतल्या आज्ञा एकामागून एक पार पाडी. डॉसला स्वतःहून कीबोर्ड, पडदा, डिस्क, प्रिंटर अशा मोजक्या उपकरणांचीच ओळख होती. माऊस, नेटवर्क कार्ड, पुढे सीडी ड्राइव्ह, यांपैकी काहीही यंत्राला जोडायचे तर त्याची भाषा जाणणारा ड्रायव्हर मेमरीत कायमचा बसवावा लागे, आणि बसला की तो आपली जागा सहसा यंत्र बंद होईपर्यंत सोडत नसे. माऊसचा ड्रायव्हर दहा-पंधरा किलोबाइट घेई. नॉव्हेलच्या नेटवर्कासाठी आयपीएक्स आणि नेटएक्स हे दोघे मिळून साठाच्या आसपास जात. डिस्कचे वाचन जलद करणारा स्मार्टड्राइव्ह पंचवीसच्या घरात असे. शिवाय डॉस स्वतः. या सर्वांनी आपापले घेऊन झाल्यावर उरेल त्यात फॉक्सप्रो किंवा क्लिपरमध्ये लिहिलेला हिशेबाचा प्रोग्राम चालवायचा. आणि हे प्रोग्राम लिहिणारे गृहस्थ आपापल्या यंत्रावर, नेटवर्क नसताना, माऊस नसताना, ते तपासून देत असल्यामुळे, त्यांच्याकडे चालणारा प्रोग्राम कारखान्यात का चालत नाही याचा खुलासा देण्याची जबाबदारी आमच्यासारख्यांवर येऊन पडे.

जून १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डॉस ५ आला आणि या कामाला शास्त्राचे रूप आले. डॉस आणि ड्रायव्हर ६४० किलोबाइटांच्या वर हलविण्याची सोय त्यापूर्वीही डीआर डॉसने दिली होती, आणि क्वार्टरडेकचा क्यूईएमएम विकत घेण्याची ऐपत असणाऱ्यांना तीच सोय अधिक चोखपणे मिळत असे. पण आमच्या मुलखातील कचेऱ्यांपर्यंत ती पोहोचली ती डॉस ५ मुळेच. कॉन्फिग.सिसच्या पहिल्या ओळीत हायमेम.सिस चढवायचा, म्हणजे एका मेगाबाइटच्या वरच्या मेमरीचा बंदोबस्त त्याच्या हाती जाई; त्यानंतर ईएमएम३८६, जो ३८६ प्रोसेसरच्या अंगच्या युक्तीने वरची मेमरी आणून ३८४ किलोबाइटांच्या राखीव पट्ट्यातल्या रिकाम्या जागांत बसवी; आणि मग 'डॉस=हाय,यूएमबी' ही एक ओळ. या एका ओळीने डॉसचा बराचसा भाग एका मेगाबाइटच्या लगेच वर असलेल्या पासष्ट हजार पाचशे वीस बाइटांच्या चिंचोळ्या पट्टीत हलविला जाई आणि चाळीसहून अधिक किलोबाइट एका फटक्यात मोकळे होत. ती पट्टी ८०२८६ च्या रचनेत एका अनपेक्षित फटीतून उपलब्ध झाली होती आणि तिचा उपभोग एका वेळी एकालाच घेता येत असे. उरलेल्या ड्रायव्हरांना 'डिव्हाइसहाय' आणि 'लोडहाय' या आज्ञांनी राखीव पट्ट्यातील मोकळ्या तुकड्यांत पाठवायचे. ओळींचा क्रम मात्र अढळ होता. हायमेमच्या आधी ईएमएम३८६ लिहिला, तर तो चढतच नसे.

हे सर्व एका परिच्छेदात सांगता आले. प्रत्यक्षात मात्र त्यात दुपारच्या दुपारी जात. राखीव पट्टा सलग नव्हता. पडद्याची मेमरी, व्हिडिओ कार्डाची रॉम, मूळ बायोस, यांच्या मधल्या फटी एवढेच आपले क्षेत्र. आणि तेथे कोण किती बसला आहे हे 'मेम /सी' या आज्ञेने दिसे. गावाकडच्या माणसाला मी तो तक्ता समजावून सांगताना सातबाराच्या उताऱ्याचा दाखला देत असे, कारण त्यातही प्रत्येक वहिवाटदाराचे नाव, त्याच्या ताब्यातले क्षेत्र आणि शेवटी पडीक जागेचा आकडा अशीच मांडणी असते, आणि सातबाऱ्याप्रमाणेच येथेही नोंद वाचल्यावाचून भांडण मिटत नाही. नोंद वाचणे अशासाठी आवश्यक होते की डिव्हाइसहाय ही आज्ञा अपयश कबूल करीत नसे. वर जागा अपुरी पडली तर ड्रायव्हर मुकाट्याने खालच्या ६४० मध्ये बसे, पडद्यावर एक अक्षरही उमटत नसे, आणि फाइल वाचणाऱ्याला मात्र तो वर गेला असल्याचा विश्वास वाटे.

जागा अपुरी का पडे, यात या कामातली खरी खुबी होती. पुष्कळसे ड्रायव्हर चढताना जेवढी जागा मागतात तेवढी ती पुढे ठेवीत नाहीत. स्वतःची मांडामांड करण्यापुरती मोठी जागा घेऊन, काम झाल्यावर तिच्यातला मोठा भाग परत करून, लहान होऊन बसतात. म्हणून मोठी मागणी असलेल्याला, सर्व फटी मोकळ्या असताना, आधी पाठवायचे आणि लहानांना नंतर उरलेल्या कोपऱ्यांत बसवायचे, हा सामान्य नियम; पण हा नियमही जेथे तेथे चालत नसे, कारण कोणता ड्रायव्हर कोणाच्या आधी हवा याचे आपले स्वतंत्र बंधन असे. आयपीएक्स आल्यावाचून नेटएक्सला अर्थ नाही, मग नेटएक्स कितीही मोठा असो. अशा वेळी कागदावर फटींचे आकडे, त्याखाली ड्रायव्हरांचे आकडे मांडून, यंत्र पुन्हा सुरू करून, तक्ता पाहून, पुन्हा क्रम बदलून, माणूस संध्याकाळपर्यंत बसून राही. आणि 'लार्जेस्ट एक्झिक्यूटेबल प्रोग्राम साइज' या ओळीतला आकडा सहाशे किलोबाइटांच्या पुढे सरकला की जो आनंद होई, तो शेजारी बसलेल्या कारकुनाला समजावून सांगण्याची सोय नव्हती.

त्यातही यंत्रायंत्रांत भेद होता. रंगीत व्हीजीए पडदा असेल तर बी००० पासून बी७एफएफ पर्यंतचा बत्तीस किलोबाइटांचा तुकडा, जो एकरंगी पडद्यासाठी राखून ठेवलेला होता, तो बिनवापराचा राही, आणि ईएमएम३८६ च्या ओळीत तेवढे लिहून तो खालसा करता येई. परंतु आमच्याकडील बहुसंख्य कचेऱ्यांत पिवळसर किंवा हिरव्या अक्षरांचे एकरंगी पडदे होते. तेथे ती जागा पडद्याच्याच ताब्यात असल्यामुळे ही बत्तीस किलोबाइटांची मिळकत श्रीमंत कचेऱ्यांपुरतीच राहिली. लोटसची मोठी पत्रके चालविणाऱ्यांची अडचण निराळी. लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९८५ मध्ये मिळून ठरविलेल्या ईएमएस पद्धतीची मेमरी त्यांना लागे, तिच्यासाठी राखीव पट्ट्यातच चौसष्ट किलोबाइटांची खिडकी सोडावी लागे, आणि तेवढी खिडकी सोडली की ड्रायव्हरांना जागा उरत नसे. लोटस हवे की नेटवर्क, असा प्रश्न मी साहेबांपुढे ठेवी, आणि साहेब बहुधा दोन्ही मागत.

एका पतसंस्थेतला प्रसंग या संदर्भात सांगण्यासारखा आहे. तेथे नेटवर्कावरील एक यंत्र सकाळी नीट सुरू होई, परवलीचा शब्द घेई, फायलींची यादीही दाखवी. मात्र ठेवीदारांची मोठी फाइल सर्व्हरवरून वाचू लागले की मध्येच गोठून जाई. केबल बदलून झाली होती, टोकाचे टर्मिनेटर बदलून झाले होते, सर्व्हरवर संशय घेऊन झाला होता, आणि नेहमीप्रमाणे विजेच्या दाबावरही ठपका ठेवून झाला होता. ते नेटवर्क कार्ड अशा जातीचे होते की त्याची स्वतःची सोळा किलोबाइट मेमरी डी००० या पत्त्यापासून यंत्राच्या राखीव पट्ट्यात प्रकट होत असे. पण ती प्रकट होई कार्डाचा ड्रायव्हर चढल्यानंतर, म्हणजे ऑटोएक्झेक.बॅटच्या वेळी. त्याच्या कितीतरी आधी, कॉन्फिग.सिसच्या वेळी, ईएमएम३८६ ने पट्ट्याची पाहणी केली तेव्हा ती जागा रिकामीच दिसत होती. आणि रिकामी दिसलेली जागा त्याने दुसऱ्या ड्रायव्हरच्या नावे करून टाकली. पुढे कार्ड आपल्या जागी येऊन उतरले तेव्हा एकाच जागेवर दोघांचा ताबा झाला, आणि लहान कामे या दुहेरी ताब्यातूनही निभावून जात असली तरी मोठी फाइल येताच दोघांची गाठ पडे. 'एक्स=डी०००-डी३एफएफ' एवढी अक्षरे ईएमएम३८६ च्या ओळीत घालून ती जागा वगळली आणि तंटा मिटला. ड्रायव्हरसाठी सोळा किलोबाइट कमी झाले याचे त्या संस्थेत कोणाला काही वाटले नाही. मला मात्र त्या दिवसापासून कार्ड उघडून, त्यावरचे जंपर पाहून, पत्ते लिहून घेतल्याशिवाय फायलीला हात न लावण्याची सवय जडली, ती जडली.

मेमरी कमी पडल्याने प्रोग्राम अडतो हे सर्वांना ठाऊक होते. ती अधिक झाल्यानेही अडतो, हे सांगितल्यावर लोक माझ्याकडे विनोद समजून पाहत. डॉस वर हलवून, ड्रायव्हर वर पाठवून खालचा मुलूख इतका मोकळा होई की काही जुने प्रोग्राम पहिल्या चौसष्ट किलोबाइटांतच चढू लागत, आणि ते चढताच 'पॅक्ड फाइल इज करप्ट' असा निर्वाळा देऊन थांबत. फाइल मुळीच बिघडलेली नसे. त्या प्रोग्रामांना दाबून लहान करण्याच्या पद्धतीतच एक गृहीत दडलेले होते, की इतक्या खाली आपल्याला कधीही जागा मिळणार नाही. आणि दहा वर्षांच्या टंचाईत ते गृहीत कोणाच्या लक्षात येण्याचे कारण पडले नव्हते. मायक्रोसॉफ्टने डॉस ५ बरोबर लोडफिक्स नावाची एक आज्ञा दिली होती, जी हा खालचा भाग मुद्दाम अडवून धरी आणि प्रोग्रामाला त्याच्या सवयीच्या उंचीवर चढवी. मेमरी वाचविण्यासाठी दिवस घालवून नंतर ती अडवून धरण्यासाठी आज्ञा लिहिताना मला त्या व्यवस्थेची थोडी कीव आली होती.

आकड्यांकडे पाहण्याची ही सवय आणखी एका ठिकाणी उपयोगी पडली. चेकडिस्क किंवा मेम ही आज्ञा एकूण मेमरी ६,५५,३६० बाइट दाखवी; एखाद्या यंत्रावर तोच आकडा ६,५३,३१२ दिसला की दोन किलोबाइट कोणी लंपास केले हे पाहावे लागे, आणि तो पाहुणा पुष्कळदा फ्लॉपीतून आलेला स्टोन्ड नावाचा व्हायरस असे, जो मेमरीच्या अगदी माथ्यावर एवढीच जागा घेऊन बसतो. काही यंत्रांचा बायोसही तेथे एखादा किलोबाइट ठेवून घेई, तेव्हा एवढ्यावरून निकाल देणे बरोबर नव्हते. पण बूट फ्लॉपी काढण्यापुरता संशय पुरे होई.

बूट फ्लॉपीवाचून तर घराबाहेर पडण्याची सोय नव्हती. कॉन्फिग.सिसमध्ये एक ओळ अशी लिहिली गेली की यंत्र चढताना गोठते, तर ती ओळ दुरुस्त करण्यासाठी यंत्र आधी सुरू झाले पाहिजे, आणि ते त्या ओळीमुळे सुरू होत नाही. या पेचातून फ्लॉपीच सोडवी. १९९३ च्या डॉस ६ ने एफ५ आणि एफ८ या कळा दिल्या, पहिलीने दोन्ही फायली वगळता येत, दुसरीने कॉन्फिग.सिसची एकेक ओळ विचारून विचारून चढविता येई, आणि आमच्या व्यवसायातील निम्मी भीती नाहीशी झाली. त्याच डॉसबरोबर मेममेकरही आला. तो स्वतःच यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करून ड्रायव्हरांची निरनिराळी मांडणी करून पाही आणि निकाल फायलीत लिहून ठेवी. त्याच्याविषयी माझे मत चांगले नाही. साध्या यंत्रावर तो ठीक काम करी. परंतु त्याने लिहिलेल्या ओळी 'डिव्हाइसहाय /एल:१,१२०४८' अशा आकड्यांनी भरलेल्या असत, त्या आकड्यांमागचे कारण कोठेही नोंदलेले नसे, आणि पुढे एखादे कार्ड बदलले की ती सर्व मांडणी कोणालाच न समजणारी होऊन बसे. डॉस ६ ची खरी देणगी म्हणजे आरंभीची निवडसूची. हिशेबासाठी एक मांडणी, लोटससाठी दुसरी, असे दोन पर्याय यंत्र सुरू होतानाच पडद्यावर ठेवता येऊ लागले, आणि साहेबांची दोन्हींची मागणी अखेर पुरविता आली.

मेमरीच्या या खटाटोपाच्या मानाने पडद्यावर मराठी उमटविण्याचा प्रश्न सोपा झाला होता, आणि याचे श्रेय पुण्यातच १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकला आहे. आयआयटी कानपूरमध्ये मूळ धरलेले आणि सी-डॅकने वाढविलेले जिस्ट कार्ड यंत्रात बसविले की डॉसच्या मजकुरी प्रोग्रामांत देवनागरी उमटे.

माझ्या हातच्या फायलींत मी प्रत्येक ओळीच्या वर 'रेम' लिहून, म्हणजे यंत्राने दुर्लक्ष करावयाची ओळ घालून, रोमन अक्षरांत मराठी खुलासा लिहीत असे: ही ओळ का आहे, कोणत्या तारखेस घातली, काढल्यास काय बिघडेल. पेढीतल्या काहींना हा कारकुनी उपद्व्याप वाटे. पण 'फाइल्स=' पुढचा आकडा हिशेबाच्या प्रोग्रामासाठी मुद्दाम वाढविलेला आहे, आणि तो कमी केल्यास जादा फायली उघडल्याची तक्रार महिनाअखेरीसच उद्भवेल, हे पुढच्या माणसाने कशावरून ओळखावे? यंत्राच्या देखभालीत जे काही कौशल्य होते, त्यातले पुष्कळसे एका जुन्या निर्णयाची भरपाई करण्यात खर्ची पडले, आणि ते गेले याचे मला दुःख नाही. १९९५ च्या विंडोजने ड्रायव्हरांना संरक्षित मेमरीत नेले, तेव्हा मी सुटकेचा निःश्वासच टाकला. त्या फायलींविषयी आदर वाटतो तो दुसऱ्याच कारणाने. यंत्र सुरू होताना काय काय घडते हे सर्व एका पानात मावत होते, साधे वाचता येणारा माणूस ते वाचू शकत होता, आणि एखादी ओळ कोणाच्या हातची आहे हे विचारता येत होते. आज माझ्या टेबलावरील यंत्र सुरू होताना शेकडो ड्रायव्हर चढतात. त्यांपैकी कोणता कशासाठी, हे सांगणारा मनुष्य मला अजून भेटलेला नाही.

जुनी पतसंस्था, कारखाना किंवा छापखाना यांच्या दप्तरात डॉसवर चालणारे एखादे यंत्र अजूनही कोठे उभे असेल, आणि त्यात जुन्या सभासदांची खाती असतील, तर ते भंगारात देण्यापूर्वी किंवा नव्या माणसाच्या हवाली करण्यापूर्वी वाचकांनी एवढे अवश्य करावे: खात्यांच्या फायलींची प्रत तर घ्यावीच, पण त्याबरोबर कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या दोन फायलीही कागदावर छापून त्या यंत्राच्या कागदपत्रांत लावून ठेवाव्यात.